वर जायचं, खाली यायचं

एव्हरेस्टला गेलेल्या माणसाच्या घरच्यांना एप्रिल महिना मोठा चमत्कारिक जातो. एक दिवस निरोप येतो, ‘कॅम्प टूला पोचलो.’ घरात आनंदीआनंद. चार दिवसांनी दुसरा निरोप, ‘बेस कॅम्पला परत आलो.’ आता घरच्यांच्या पोटात गोळा. तब्येत बिघडली की काय? मोहीम गुंडाळली की काय? प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. सगळं ठरल्याबरहुकूम चाललेलं असतं. आठ हजार मीटरच्या डोंगरावर वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा खाली यायचं आणि मधले कितीतरी दिवस तंबूत लोळून काढायचे, याचंच नाव चढाई. झेंडा धरून काढलेल्या शिखरावरच्या फोटोला पाच मिनिटं पुरतात. त्यामागे सहा ते आठ आठवड्यांचा तंबूतला संसार असतो.

या संसारावर आपल्याकडच्या मोहीमवर्णनांनी जरा अन्यायच केला आहे. हिमकडे, वादळं, हुकलेले मृत्यू यांनी पानंच्या पानं भरतात, आणि पातेल्यात बर्फ टाकून ते वितळायची वाट बघत बसलेला माणूस कुठेच दिसत नाही. मोहीम यशस्वी होते ती बरीचशी त्या पातेल्यापाशी.

आधी हवेचं बघू. उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो, असं आपण सर्रास म्हणतो. ते तितकंसं बरोबर नाही. पुण्यात, कळसूबाईच्या माथ्यावर आणि एव्हरेस्टवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण एकच आहे, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. मंगल कार्यालयात गाद्यांची चळत लावलेली असते, तिच्यात तळाची गादी वरच्यांच्या भाराने दबून घट्ट झालेली असते आणि सगळ्यात वरची फुगलेली, सैल. हवेचंही तसंच. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. ५३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला तो जवळपास निम्म्यावर येतो आणि ८८४८.८६ मीटरच्या शिखरावर एक तृतीयांश उरतो. १९८१ साली ख्रिस्तोफर पिझ्झो हे अमेरिकी डॉक्टर दाबमापक घेऊन थेट शिखरावर गेले. त्यांना तो २५३ मिलिमीटर भरला. म्हणजे तिथे एक श्वास घेतला तर छातीत आपल्या नेहमीच्या श्वासाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच ऑक्सिजन जातो.

अशा हवेत सवय नसलेल्या माणसाला एकदम नेलं तर काय होतं, हे १८७५ साली फ्रान्समध्ये दिसलं. ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघे जण दोनेक तासांत आठ हजार मीटरच्या आसपास पोचले. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, पण त्या तोंडाला लावायलाही हात उचलेनात. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल तिथेच गेले. गास्तों तिसांदिए वाचला, पण त्याचे कान गेले. आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघे बाटलीतला ऑक्सिजन न घेता एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले आणि आपल्या पायांनी खाली उतरले. माणसाचं शरीर या शंभर वर्षांत बदललेलं नव्हतं. बलूनवाल्यांनी शरीराला दोन तास दिले होते, या दोघांनी कित्येक आठवडे.

या आठवड्यांत शरीर काय काय करतं? पहिली दखल मानेतल्या रोहिणीपाशी असलेला पेशींचा एक पुंजका घेतो. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं त्याला काही क्षणांत कळतं आणि तो श्वास वाढवायला लावतो. इथवर ठीक. पण जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू उलटा हुकूम सोडतो, ‘पुरे, हळू घे.’ दिवसा ही ओढाताण जाणवत नाही. रात्री मात्र शेजारच्या स्लीपिंग बॅगमधल्या जोडीदाराचा श्वास चढत चढत जातो आणि एकदम थांबतो. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त. मग तो दचकून मोठा श्वास घेतो आणि चक्र पुन्हा सुरू. नवख्याची पहिली रात्र जोडीदार जिवंत आहे ना, हे ऐकण्यातच जाते.

यावर तोडगा काढतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे अल्कता कमी होते आणि श्वासाला मोकळीक मिळते. या कामाला काही दिवस लागतात. म्हणून रात्रीतून तीनदा उठावं लागतं, अशी तक्रार घेऊन आलेल्याची मोहिमेचे डॉक्टर पाठ थोपटतात. डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांच्या याच कामाला हात लावते, जादू वगैरे काही करत नाही. दरम्यान मूत्रपिंडातूनच सुटलेल्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाने हाडांतल्या मज्जेला जादा तांबड्या पेशी बनवायची वर्दी दिलेली असते. ते काम आठवडेच्या आठवडे चालतं. त्याची किंमतही असते. रक्त दाट होतं, गुठळी व्हायचा धोका वाढतो. अशात पाणी कमी प्यायलं तर ते आणखी दाटतं.

करोनाच्या काळात ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि ९४ च्या खाली आकडा गेला की घरात धावपळ व्हायची, हे आपल्याला आठवत असेल. बेस कॅम्पला चांगल्या रुळलेल्या गिर्यारोहकाच्या बोटावर तेच यंत्र ८०-८५ आकडा दाखवतं आणि तो माणूस शांतपणे पत्ते खेळत असतो. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका मोहिमेने शिखरावरून उतरताना ८४०० मीटरवर स्वतःच्याच मांडीतल्या रोहिणीतून रक्त काढलं. चौघांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर निघाला. निरोगी माणसात तो ९०-१०० असतो. रुग्णालयात असा अहवाल आला तर डॉक्टर माणूस दगावला की काय ते बघायला धावतील. हे चौघे नुकते जगातल्या सर्वांत उंच जागेवरून चालत आले होते.

विरळ हवेचं हे शास्त्र उभं करण्यात आपल्या लष्कराचा वाटा मोठा आहे, आणि तो रक्त सांडून आलेला आहे. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी छावण्यांतल्या तुकड्या घाईघाईने हिमालयात चढवल्या गेल्या. शत्रूची गोळी लागण्याआधीच कित्येक जवान डोकेदुखीने, फुप्फुसांत पाणी भरून आडवे झाले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. लष्कराची आजची शिस्तही सरळ आहे. ९ हजार ते १२ हजार फुटांदरम्यान सहा दिवस, १५ हजार फुटांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. सुभेदार असो की सेनापती, फुप्फुसं हुद्दा बघत नाहीत.

गिर्यारोहकांचा नियम याच जातीचा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. इथे मोजायची ती झोपायची उंची. दिवसा हवं तितकं वर जा, रात्री खाली येऊन झोपा. लुक्लाला २८६० मीटरवर विमानातून उतरल्यावर नामचे बाजार, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरखशेप अशा वाटेने बेस कॅम्पला पोचायला म्हणूनच आठ ते दहा दिवस घेतात. नामचेला आणि दिंगबोचेला सक्तीची सुट्टी. सह्याद्रीत एका दिवसात दोन किल्ले मारणाऱ्या आपल्या पोरांना ही सुट्टी जड जाते. पायांत दम असतो, वाट सोपी असते, मग थांबायचं कशाला? आणि गंमत अशी की विरळ हवेचा फटका कुणाला बसणार हे दंडाच्या बेटकुळ्यांवरून सांगता येत नाही. उलट तगडा माणूस भरभर चढतो, म्हणून आधी अडकतो.

बेस कॅम्प हे नाव ऐकून डोळ्यांपुढे मैदान येतं. तिथे मैदान नाही. खुंबू हिमनदीच्या पाठीवर पडलेल्या दगडगोट्यांवर तो वसवतात. खाली बर्फ आहे आणि तो सरकतो आहे. रात्री तंबूखालून कडकड आवाज येतात. तंबूच्या सावलीतलं बर्फ टिकतं आणि आजूबाजूचं उन्हाने वितळतं, त्यामुळे मे महिना उजाडेपर्यंत आपला तंबू चबुतऱ्यावर जाऊन बसलेला असतो आणि दगड पसरून जागा पुन्हा सपाट करावी लागते. लामा येऊन पूजा केल्याशिवाय शेर्पा वर पाऊल टाकत नाहीत. दगडांचा चौथरा, धूपाचा धूर, पाच रंगांच्या पताका आणि एकमेकांच्या गालांना फासलेलं सातूचं पीठ. बर्फाची हत्यारंही त्या चौथऱ्याला टेकवून ठेवतात.

या गावाचं केंद्र म्हणजे स्वयंपाकाचा तंबू. इथे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी ती टणकच राहते. प्रेशर कुकर नसेल तर नेपाळी डाळभात नाही. पण अन्न शिजवणं सोपं, ते खाऊ घालणं कठीण. उंचावर भूकच मरते. मराठी गिर्यारोहकांच्या निळ्या पिंपांतून लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं, मेतकूट निघतं ते हौस म्हणून नव्हे. जिभेला चेतवल्याशिवाय घास उतरत नाही म्हणून. १९८५ साली अमेरिकेत ‘ऑपरेशन एव्हरेस्ट टू’ नावाचा प्रयोग झाला. काही तरुणांना दाब कमी करत नेता येईल अशा बंद खोलीत चाळीस दिवस ठेवलं. थंडी नाही, चढ नाही, खायला चविष्ट आणि हवं तेवढं. तरीही त्यांचं वजन सरासरी ७.४ किलोंनी घटलं. तेव्हा भूक मारण्याचा दोष थंडीला किंवा श्रमाला देता येत नाही, नुसती विरळ हवाच पुरते.

मग ‘रोटेशन’ सुरू होतं. मध्यरात्रीनंतर दोन-तीनला, बर्फ गोठून घट्ट असताना, हेडलँप लावून खुंबू आइसफॉलमध्ये शिरायचं. घराएवढे हिमखंड, त्यांच्यामधल्या भेगांवर टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या. सहा हजार मीटरच्या वर कॅम्प वन, तिथे एखादी रात्र. मग वेस्टर्न कूम या दरीतून कॅम्प टू, साधारण ६४०० मीटर, तिथे काही रात्री. ल्होत्सेच्या निळ्या भिंतीवर ७२०० मीटरवरच्या कॅम्प थ्रीला नुसतं शिवायचं किंवा एक रात्र काढायची आणि सरळ बेस कॅम्पला परत. कुणी तर त्याच्याही खाली, दिंगबोचे-फेरिचेला जातात. दाट हवेत जखमा भरतात, झोप लागते, अन्न गोड लागतं.

कॅम्प टूचा एक दिवस बघा. सूर्य वर आला की दरीच्या तिन्ही बाजूंच्या बर्फावरून ऊन परततं आणि माणूस अक्षरशः भाजून निघतो. गॉगल काढला तर बुबुळं पोळून तात्पुरतं आंधळेपण येतं. ऊन डोंगराआड गेलं की काही मिनिटांत सगळं गोठतं. रात्रभर आपल्याच श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या कापडावर हिम होऊन बसते आणि पहाटे कुणी कुशीवर वळलं की ती तोंडावर शिंपडली जाते. स्लीपिंग बॅगमध्ये माणूस एकटा नसतो; बुटांचे आतले मोजे, हातमोजे, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, सनस्क्रीनची ट्यूब, पाण्याची बाटली असं सगळं बिऱ्हाड असतं, कारण बाहेर राहिलं ते गोठलं. आणखी एक बाटली लघवीसाठी. तिच्यावर ठळक खूण करतात, अंधारात हात चुकू नये म्हणून.

आणि पातेलं. तंबूपासून लांब, वाऱ्याच्या बाजूचं स्वच्छ बर्फ पोत्यात भरून आणायचं. पातेल्याच्या तळाशी आधी थोडं पाणी राखायचं, नाहीतर कोरडं हिम तळाला करपतं आणि चहाला जळका वास येतो. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. माणशी रोज तीन ते चार लिटर पाणी हवं. म्हणजे स्टोव्ह तासन्‌तास फुरफुरत राहणार. तंबूची चेन थोडी उघडी ठेवायची, नाहीतर स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड विरळ हवेच्या आधी जीव घेतो.

पाण्याचं हे महत्त्व १९५२ साली स्विस मोहिमेने दाखवून दिलं. रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग नोर्गे यांनी ८४०० मीटरवर एका छोट्या तंबूत रात्र काढली. स्लीपिंग बॅग नाही, स्टोव्ह नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून घोट घोट मिळवले. दुसऱ्या दिवशी ८६०० मीटरच्या जवळ जाऊन ते मागे वळले. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी सवयीच्या दिवसांचा, ऑक्सिजनचा आणि पाण्याचा हिशोब मांडला, इंधन भरपूर वर चढवायला लावलं. २८ मे १९५३ च्या रात्री ८५०० मीटरवरच्या तंबूत तेनझिंग आणि हिलरी पातेल्यामागून पातेलं वितळवून लिंबाचं गरम सरबत पीत बसले होते. पहाटे हिलरींचे बाहेर राहिलेले बूट दगडासारखे झालेले निघाले. ते त्याच स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. एव्हरेस्टचं श्रेय वाटताना हिलरी-तेनझिंगनंतर लगेच प्यू यांचं नाव यायला हवं, असं माझं मत आहे.

पण सवयीलाही छप्पर आहे. प्यू आणि हिलरी यांनीच १९६०-६१ च्या हिवाळ्यात ५८०० मीटरवर ‘सिल्व्हर हट’ नावाची खोपटी उभारून शास्त्रज्ञांना महिनोन्‌महिने राहायला लावलं. माणसं कामं करत राहिली, स्कीइंगही करत राहिली, पण वजन घटत गेलं. त्या उंचीवर शरीर रुळतं आणि झिजतंही. ७९०० मीटरवरच्या साउथ कोलला तर फक्त झीज. आठ हजारांच्या पलीकडच्या पट्ट्याला ‘डेथ झोन’ म्हणतात ते भीती घालायला नव्हे. तिथला मुक्काम काही तासांचा, तोही बहुतेकांचा बाटलीतल्या ऑक्सिजनवर. चार लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १२०० लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास. वाटेत गर्दीमुळे दोन तास उभं राहावं लागलं तर हे गणित कुठे जातं, ते ज्याचं त्याने करून पाहावं.

रोटेशन संपलं की मग वाट पाहणं. मे महिन्याच्या मध्यात पावसाळ्याच्या आधी जेट स्ट्रीमचे वारे उत्तरेला सरकतात आणि शिखरावर चार-सहा दिवस शांतता मिळते. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालची मोहीम २०१२ च्या १९ मेला आठ जणांना माथ्यावर घेऊन गेली, तीही अशाच मे महिन्यातल्या फटीतून. तोवर बेस कॅम्पवर पत्ते, पुस्तकं, हवामानाचे अंदाज आणि खोकला. कोरड्या थंड हवेने घसा सोलून निघतो. ‘खुंबू कफ’ने बरगडीला तडा गेल्याची उदाहरणं आहेत.

या सगळ्या खाली-वरमध्ये एक विषमता आहे. पाहुणा गिर्यारोहक आइसफॉल चार-सहा वेळा ओलांडतो. त्याचे तंबू, गॅस, ऑक्सिजन चढवणारे शेर्पा त्याच्या कितीतरी पट. तिबेटी लोकांशी रक्ताचं नातं असलेल्या शेर्पांना विरळ हवेचा वारसा जनुकांतूनच मिळाला आहे, त्यांचं रक्त आपल्यासारखं फार दाटत नाही. पण हिमकडा कोसळतो तेव्हा जनुकं कामाला येत नाहीत. १८ एप्रिल २०१४ ला आइसफॉलमध्ये १६ नेपाळी कामगार गेले. तेव्हापासून अनेक मोहिमा पहिली सवय शेजारच्या ६११९ मीटरच्या लोबुचे ईस्ट शिखरावर करून घेतात. हा बदल चांगलाच झाला. २०२५ च्या मे महिन्यात तर चार ब्रिटिशांनी सवयीसाठी घरीच विरळ हवेच्या तंबूत कित्येक आठवडे झोपून, वर झेनॉन वायू हुंगून, लंडन ते शिखर हा प्रवास आठवड्याच्या आत उरकला. झेनॉनचा उपयोग होतो याला पुरावा नसल्याचं गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वैद्यकीय मंडळाने त्याआधीच सांगितलं होतं. माझा अंदाज, श्रेय त्या घरच्या तंबूंचं असावं. आठवडे कुणालाच चुकलेले नाहीत.

हे सगळं एव्हरेस्टवाल्यांपुरतं आहे असं समजू नका. मुंबई-पुण्याहून निघालेलं कुटुंब विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरतं आणि दुसऱ्या दिवशी खारदुंगला गाठतं. ती खिंड सुमारे ५३५० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास एव्हरेस्ट बेस कॅम्पच्याच उंचीवर. तेव्हा तिकीट काढतानाच लेहमध्ये निदान दोन दिवस नुसते बसायचे धरा. पाणी प्या, दारू टाळा, डायमॉक्स घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्या. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर त्या रात्री आणखी उंच मुक्कामाला जाऊ नका. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालताना माणूस झोकांड्या खात असेल, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली उतरवा, पँगाँगचं बुकिंग बुडालं तरी चालेल.